ओट्यावरचा पट्टा

चिखला
११ नोव्हेंबर १९८३

चि. इश्वर,

आशीर्वाद. अड्याळला सगळे सुखरूप असाल. सौ. शकुंतलेला आणि पोरांना माझे आशीर्वाद सांग. दोन वर्षांनी माझं पत्र पाहून कोण गेलं म्हणून घाबरशील. कोणी गेलं नाही. तुझी वहिनी ठणठणीत आहे आणि रोज माझ्याशी भांडते आहे, म्हणजे घर जागेवर आहे.

अक्षर मोठं आलंय, हसू नको. इथल्या दुकानात पेनच जाड मिळाला.

काम असं आहे. खाणीच्या नवीन गेस्ट हाऊसला मागच्या अंगाला सागाच्या फळ्यांचा उघडा ओटा केलाय. साहेब लोक त्याला डेक म्हणतात. सुंदरबाई, जी इथे स्वयंपाक करते, ती म्हणते, "लाकडाचं आंगन हाय, पन सारवता येत नाही, मंग काय कामाचं?" त्याला जवसाच्या तेलातला सागवानी रंग द्यायचाय. एकेक फळी तीस फुटांची, आणि लाकूड असं तहानलेलं की ब्रश टेकला की पिऊन टाकते. त्यात दिवाळीनंतरचा हा कोरडा वारा. ओला काठ जरा सुकला, त्यावर पुन्हा हात फिरला, की तिथे दुप्पट रंग बसून काळा पट्टा उमटतो. मग तो जन्माचा. हे तुला मी काय शिकवायचं.

सोबत मंगरू आहे. माणूस मेहनती, पण चिंधी अशी मारतो जशी म्हैस धुऊन राहिला. तुझ्यासारखा जोडीदार नाही. मी पुढे ब्रशवर, तू मागे जादा रंग पुसत चिंधीवर, आणि फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मध्ये थांबणं नाही, असं आपण किती वाडे, किती बंगले केले. दोन दिवस येऊन जा. बाजारात तू जे बोललास ते मी काढणार नाही, तूही काढू नको.

मोठे साहेब सोमवारी, २१ तारखेला येणार आहेत. पत्र मिळताच निघ.

तुझा दादा
तुलाराम


चिखला
१६ नोव्हेंबर १९८३, बुधवार

चि. इश्वर,

तुझी वाट पाहिली. टपाल पोचलं नसेल असं मंगरूला सांगितलं. पोचलं असेल हे मला माहीत आहे.

सोमवारी मी काम सुरू केलं. कसं केलं ते आता लिहितो. हे तुझ्या वहिनीलाही माहीत नाही.

मी ब्रश कानाने चालवतो. कोरड्या फळीवर केस खरखर वाजतात, ओल्यावर गप्प होतात. डब्यात बुडवून पुन्हा टेकवला की खरखर कुठे संपते ते ऐकायचं. तिथे ओला काठ. तिथून पुढे निघायचं. दीड वर्ष मी असाच काम करून राहिलो, आणि अजून एकही जोड कुठे दिसला नव्हता. म्हणजे लोकांना दिसला नव्हता.

परवा तीन फळ्या धरल्या. अर्ध्यात आलो आणि खाणीचा भोंगा झाला. पाळी सुटायची वेळ. त्यात दगडाचे ट्रक फाटकाशी अडकलेले, सगळ्यांनी मिळून हॉर्न धरले. मला ब्रश ऐकू येईना. थांबलो असतो तर काठ सुकला असता, म्हणून अंदाजाने ओढत गेलो. मंगरू मागून काहीतरी ओरडला, तेही त्या गोंगाटात गेलं.

दुपारी सुंदरबाई चहा घेऊन आली. म्हणाली, "भाऊ, मधातच पानी कोनं सांडवलं जी?"

मी खाली बसून हात लावला. कोरडं होतं. म्हणजे पाणी नव्हे, पट्टा. ती गेल्यावर मंगरूकडून सिमेंटची रिकामी पोती अंथरून घेतली.

काल आनंदराव आले. ओव्हरसियर आहेत, माणूस वाईट नाही, पण त्यांच्या बुटांना सगळं कळतं. ओट्यावरून चालत आले आणि पोत्यांपाशी थांबले.

"हे पोते कायले टाकले?"

"ऊन लागते साहेब."

"उनासाठी पोते? उचला."

मंगरूने उचलली. आनंदराव फळीवर वाकले. मग मंगरूवर तुटून पडले. "काय रे, हा एवढा पट्टा! तुले सांगतलं होतं ना तुलारामभाऊच्या कामात हात घालू नको म्हून? उद्यापासून दिसू नको इथं. आनि कोनाकडे काम मांगाले गेला तर मी सांगन, याचा हात कसा हाय ते."

इश्वर, मंगरू काही बोलला नाही. मी नुसता त्याचा श्वास ऐकला. मी गप्प राहिलो असतो तर माझं काहीच बिघडत नव्हतं. पंचवीस वर्षं दारोदार पायी फिरून मिळवलेलं नाव जसंच्या तसं राहिलं असतं. खोटंसुद्धा बोलावं लागत नव्हतं.

मी म्हणालो, "साहेब, हात माझा हाय."

"तुमचा? काहून गंमत करता भाऊ?"

"गंमत नाही जी. तो पट्टा मले अजूनही दिसून नाही राहिला."

मोतीबिंदू आहे. भंडाऱ्याच्या डॉक्टरने पिकू द्या म्हणून सांगितलं. फळी दिसते, माणूस दिसतो, पण रंगाचा फरक गेला. सगळं धुक्यातल्या तळ्यासारखं. तू अड्याळच्या बाजारात चार लोकांत बोललास की दादाले आता रंग समजत नाही. तू ते सगळ्यांच्या आधी पाहिलंस. खरं होतं म्हणूनच मला एवढं झोंबलं.

आनंदराव गेल्यावर मी मंगरूला म्हटलं, आता तरी बोल काहीतरी. तर म्हणतो कसा, "मले मालूम होतं भाऊ. तुमी डब्बा उघडला का आधी वास घेता. रंगारी मानूस पाह्यते, वास तर बिल्ली घेते." आणि हसला. मीही हसलो. बरं वाटलं रे.

आनंदरावांनी शनिवारपर्यंत मुदत दिली आहे. नाहीतर तुमसरचे रंगारी येतील, आणि मग हा पट्टा माझ्या नावाने साऱ्या जिल्ह्यात फिरेल. नुसता तेवढा तुकडा घासून भागत नाही, तिथे फिकं पडतं. म्हणून मंगरूने आज तिन्ही फळ्या टोकापासून टोकापर्यंत टर्पेंटाईनने धुऊन घासल्यात. लाकूड उघडं पडलंय आणि वाट पाहून राहिलंय.

आनंदरावांना मी सांगून टाकलं आहे की आता हे काम इश्वरचं. पुढचा ब्रश तुझा. मी मागे चिंधी घेऊन येईन. कुठे कोरडं राहिलं तर ऐकून सांगेन, आणि भोंगा झाला तर तू सांगशील. थोरल्याने मागे चालायचं, लोक काय म्हणतील, असं तुला वाटेल. मलाही दोन दिवस वाटलं.

हे पत्र टपालात टाकत नाही. हिरालाल ड्रायव्हर उद्या ट्रक घेऊन पवनीला चाललाय, तो वाटेत अड्याळला थांबून तुझ्या हातात देईल. परवा तो त्याच रस्त्याने रिकामा परत येतो. तू हो म्हण, नाही म्हण, त्याच्याजवळ चिठ्ठी देऊ नको. ती मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागेल.

मी फाटकापाशी बसेन. ट्रक थांबला की हिरालालच्या बाजूचं दार वाजेल. त्यानंतर मी दुसऱ्या दाराकडे कान लावून राहीन.

तुझा
दादा