मावशींच्या भाषणातलं रूपक

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

तू विणलेल्या स्वेटरची डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब आहे, ही गंभीर तक्रार आधी नोंदवून घे. ऊब मात्र दोन्हींत सारखीच. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या कार्यालयातल्या झाडूवाल्या मावशींना मागच्याच दाराने यावं लागतं. परवा समान हक्कांच्या सभेत त्या एवढंच म्हणणार होत्या, "आम्हालाही पुढच्या दाराने येऊ द्या." पण माझ्यातला संस्कृत पंडित गप्प बसेल तर ना! "मावशी, एखादं रूपक हवं," म्हणत मी लिहून दिलं: "आम्ही या इमारतीचा पाया आहोत. पायाने कूस बदलली, की वरचे मजले हलतात."

टाळ्या पडल्या. संध्याकाळी पोलीस मावशींना घेऊन गेले; म्हणे, इमारत पाडायची धमकी दिली. कुणी लिहून दिलं, याला त्यांचं एकच उत्तर: "माझंच आहे."

आज साहेबांनी मला विचारलं, "ही भाषा कुणाची असेल हो?" मी चष्मा पुसत राहिलो. उद्या चौकीवर बोलावलंय. जेवण वेळेवर होतं, काळजी नसावी.

ताई, कोठडीची भीती वाटतेच. पण उद्याही मी चष्माच पुसत बसेन, याची जास्त वाटते.

तुझा,
धाकटा