काच साफ होती

हमद टाउन, बहरीन
डिसेंबर १९९५

प्रिय खिजर,

तुला आणि आबिदाला खूप खूप दुवा. घरी सगळे जिवंत आहोत, हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव घाबरायला नको. माझा मात्र अजून घाबरलेलाच आहे. जेवायला बसलो की घास हातात तसाच राहतो आणि नुसरतला म्हणावं लागतं, खा आता.

यंदा इकडे पाऊस बरा झाला. इथे पाऊस म्हणजे चार दिवसांचा पाहुणा, पण येतो तेव्हा रस्त्यांची तळी करून जातो. अशाच एका संध्याकाळी हिद्दहून, जहाजदुरुस्तीच्या यार्डातून घरी येत होतो. ड्रायव्हरच्या बाजूचा वायपर अर्ध्या काचेवर येऊन अडकला. इकडे स्टिअरिंग डावीकडे असतं; उजवीकडचा चालतोय आणि माझ्यासमोरचा मेल्यासारखा पडलेला. काच खाली करून, मान बाहेर काढून कसाबसा घरी पोचलो. तुला माझा स्वभाव माहीत आहे. जहाजांचे पंप खोलून बसवणारा माणूस मी, वायपरसाठी गॅरेजात जाईन होय? शुक्रवारी सुट्टी होती. बॅटरीची वायर काढली, बॉनेट उघडलं, काचेखालची जाळी खोलली. आत वाळूच वाळू. त्याआधी बटण दाबून पाहिलं होतं तेव्हा मोटर घुमत होती, म्हणजे दोष मोटरमध्ये नव्हता. मोटरपासून वायपरपर्यंत जी दांडी जाते, तिच्या सांध्यातलं प्लॅस्टिकचं बुश उन्हाने भुगा झालं होतं आणि दांडी निखळून पडली होती. नवीन बुश आणून बसवलं, ग्रीस लावलं, वायपरच्या मुळाशी ढिला झालेला नट आवळला. बॅटरी जोडून बटण दाबलं तर दोन्ही वायपर एका तालात. नुसरत दारात उभी राहून हसली. मीही हसलो.

पण संध्याकाळी गाडी बाहेर काढली आणि काच धुरकटच. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायची. म्हटलं, रबर कडक झालं असणार, इथल्या उन्हात ते फार टिकतच नाही. नवीन घातलं. तरी तेच. मग वाटलं, काचेवर तेलाचा थर आहे. व्हिनेगरने काच घासली, वर्तमानपत्राने पुसली. तरी तेच. वायपरचा हात काचेवर नीट दाबत नसेल म्हणून त्याची स्प्रिंग पाहिली, हात जरासा वाकवला. रबर पुन्हा बदललं, या वेळी महागातलं. नुसरत पाइपने पाणी मारायची, मी आत बसून बघायचो, आणि रोज एकच तक्रार, पुसत नाही नीट. सकाळी मात्र सगळं लख्ख. त्यामुळे माझी खात्री पटली होती की काचेवर चिकटा आहे आणि तो दिव्यांच्या उजेडातच दिसतो. संध्याकाळी डाव्या भुवईवर ठणकायचं. ती व्हिनेगरच्या वासाची डोकेदुखी समजून मी गोळी घ्यायचो.

त्यानंतरच्या शुक्रवारी मगरिबच्या नमाजानंतर भुरभुर पाऊस लागला होता. वायपर तपासायला हाच मोका, म्हणून नुसरतला शेजारी बसवलं आणि म्हटलं, चल, राउंडअबाउटपर्यंत एक चक्कर मारू. गल्लीच्या तोंडाशी आलो. माझं सगळं लक्ष काचेवर. एकदम नुसरत किंचाळली, “अवो, थांबा! महमूद!”

ब्रेकवर पाय गेला तो अल्लाच्या मेहेरबानीने. बॉनेटवर धाडकन दोन हात पडले. आपला शेजारी महमूद, मशिदीतून परतत होता. पांढरा शुभ्र, पायघोळ थोब घातलेला, सहा फुटी माणूस, खांबावरच्या दिव्याखाली, डावीकडून रस्ता ओलांडत होता. खिजर, मी त्याला पाहिलंच नाही. उशिरा पाहिलं असं नव्हे. माझ्यासाठी तो तिथे नव्हताच.

महमूद खिडकीशी आला. ओरडेल असं वाटलं, पण वाकून हळूच म्हणाला, “मुनाफ, मैं हाथ हिलाता, हिलाता. तू देखता नहीं?”

मी म्हटलं, “वायपर खराब है.”

त्याने मला उतरवलं, स्वतः बसला, वायपर चालवला, काचेतून पाहिलं. मग नुसरतकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मफी मुश्किल. कुछ खराबी नहीं. काच साफ है.”

मी नुसरतला विचारलं, तुला कसं दिसतंय? ती रडवेली होऊन म्हणाली, “मला तर पहिल्या दिवसापासून साफच दिसतंय. गाडीतलं तुम्हाला कळतं, म्हणून मी गप्प बसले.”

पावसात भिजत उभा राहिलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मशिनांतले दोष शोधले आणि हा दोष माझ्याच कपाळाखाली बसला होता. महमूदने मला घरी जाऊ दिलं नाही. “यल्ला,” म्हणाला, आणि तसाच ओल्या कपड्यांनी हॉस्पिटलात घेऊन गेला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातलं प्रेशर मोजलं आणि त्यांचा चेहराच बदलला. मग एक डोळा झाकून एका मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात बघायला लावलं. ठिपका दिसला की बटण दाबायचं. डाव्या डोळ्याने पाहताना मी कितीतरी वेळ बटण न दाबता बसलो. मला वाटलं, मशिन बंद पडलंय. मशिन चालू होतं. काचबिंदू म्हणतात याला. डाव्या डोळ्याची बाजूची नजर गेली, ती आता परत येणार नाही. समोरचं दिसतं, म्हणून माणसाला कळतही नाही. दोन्ही डोळ्यांना लेझर केलं. उरलेलं वाचेल, इंशाल्ला. रंगीत कडी आता दिसत नाहीत. पण गाडी चालवणं खलास. यार्डात क्रेनच्या आसपास फिरकायची मनाई आहे, वर्कशॉपच्या टेबलावर बसवलंय. नुसरत ड्रायव्हिंग शिकायचं म्हणते, महमूदची बायको खदिजा तिला घेऊन जाणार आहे. मी हो म्हटलं. नाही कुठल्या तोंडाने म्हणू?

आता हे सगळं तुला का लिहितोय ते ऐक. बाईंनी विचारलं, घरात आणखी कोणाला? मी नाही म्हणणार होतो, तेवढ्यात अब्बा आठवले. शेवटी शेवटी चौकटीला खांदा आपटायचे आणि आपण म्हातारपण म्हणायचो. बाई म्हणाल्या, हा आजार रक्तातून येतो, सख्ख्या भावाला आधी कळवा. आणि त्याच संध्याकाळी, सुट्टीवर गावी निघालेला आपला जमालुद्दीन माझ्याकडे तुझा फोनवरचा निरोप घेऊन आला, की दापोली-हर्णै प्रवासी गाडीसाठी भाईने चांगली वायपरची रबरं पाठवावीत, संध्याकाळी दव पुसलं जात नाही, समोरच्या दिव्यांना रंगीत कडी दिसतात. खिजर, हीच ती माझी तक्रार, शब्दाला शब्द. तुझ्या गाडीत पोरंबाळं असतात. फोन केला तर तू हसून टाकशील, म्हणून पत्र देतोय. रबरं पाठवत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि नुसता नंबर नको, प्रेशर तपासा म्हणून सांग. जमालुद्दीन हे पत्र तुझ्या हातात देईल आणि तू वाचून होईपर्यंत ओट्यावरून हलणार नाही, तशी शपथ घातलीय त्याला. गाडीची चावी आता, या क्षणी, आबिदाच्या हातात दे. मग त्याला चहा विचार.

तुझाच,
मुनाफभाई