सबनिसांसाठी तोललेले छर्रे

६ एप्रिल
पिंजौरच्या रेंजवर क्लबची एअर रायफल मॅच. साठीपुढच्या गटात रिटायर्ड विंग कमांडर गुरुनाथ सबनीस पहिले, मी दुसरा. गटात दोघेच. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाले, "श्यामकांत, तुम्ही बॉटनीचे ना? छर्रे मागच्या झाडांना बरोबर लागतायत." विनयासुद्धा हसली. स्वतःची बायको.
१८ मेला पुढची मॅच. सूड पक्का.

७ एप्रिल
नेम माझा उत्तम आहे. दोष छऱ्यांचा. एका डबीतले सगळे सारख्या वजनाचे नसतात. एकेक तोलून निवडणार. पन्नास मीटरला टेबलावर टेकवून मारायचं, तिथे जड. दहा मीटरला उभ्याने, तिथे हलके. चंदीगडला सेक्टर ३४ मधून मिलिग्रॅमचा काटा आणला.

१४ एप्रिल
२१२ तोलले. एकच छर्रा तीनदा तोलला, तीन वजनं आली. छर्रा लबाड. विनया म्हणाली, पंखा बंद करून बघा. विज्ञान असं चालत नाही. शिवाय उकडतं.

१५ एप्रिल
पंखा बंद केला. माझ्याच डोक्यात आलं.

२८ एप्रिल
सूनबाई हिमानी विचारते, "बाबा, प्रॅक्टिस कब करोगे?" आजकालच्या मुलींना पाया घालणं कळत नाही. १,१०० झाले.

९ मे
जड डबीवर लेबल लावलं: सबनीस. हलक्या डबीवर: सबनीस २. विनया म्हणाली, पोलिसांनी पाहिलं तर काय सांगणार? लेबलं काढली.

१७ मे
प्रॅक्टिस राहिली. जिंकल्यावर सबनिसांना ऐकवायचं वाक्य मात्र तयार. नम्र, पण जन्मभर सलेल असं. चौथा मसुदा.

१८ मे, दुपारी
सबनीस आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी लावून. परवाच मोतीबिंदूचं ऑपरेशन. गटात मी एकटा.
वारा सुटला. जड, हलके, सगळे झाडांकडे गेले. किमान गुण झाले नाहीत म्हणून पहिला नंबर रिकामा ठेवला. मला दुसरा दिला.
सबनिसांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मी त्यांना एप्रिलचं बोलणं ऐकवलं. त्यांना आठवेना. मग चेहरा पडला. म्हणाले, "असं बोललो मी? माफ करा हो." माझं वाक्य राहूनच गेलं.
निघताना म्हणाले, "पायऱ्यांचा अंदाज येत नाही, जरा हात द्या."
दिला. अकरा पायऱ्या. प्रत्येकीवर मी "जपून" म्हणालो.