दाराबाहेरची खुर्ची

जानेफळ, मंगळवार

गवतात अंडी घालणाऱ्या तणमोरांसाठी आज घरोघर वर्गणी मागितली. रहीमचाचांनी त्यांचा गवताचा तुकडा यंदा नांगरू नये, म्हणून ती त्यांनाच द्यायची आहे. त्यांच्याकडेच कशी मागणार? दाराबाहेर खुर्ची मांडलेली दिसली, तरी पुढे गेलो.

संध्याकाळी चाचाच आले. "मास्तर, माह्या दारावरून काऊन गेले? मी गावातला नाही काय?"

"चाचा, पैसे तुमच्यासाठीच..."

"मालूम हाये मले. घेतो ना. पण पह्यले माही पावती फाडा."

फाडली. नोट माझ्या हातात दाबून म्हणाले, "आता नाही नांगरत."

आनंद व्हायला हवा. पण ती खुर्ची. दुपारभर उन्हात, माझ्यासाठी. उद्या आधी तिच्यावर जाऊन बसेन.