ह्यांच्या नावाचा ठसा

मंगळवार, संध्याकाळ

आंब्याच्या बागेची वारसनोंद आज एकदाची झाली. सातबाऱ्यावर ह्यांचं नाव कंसात गेलं, खाली माझं आलं. तलाठी म्हणाला, "मयताचं नाव कमी झालं, वहिनी. आता बाग तुमची."

माझी कशी? लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिला ह्यांचीच बाग म्हणत आलेय. कमी झालं म्हणे. इतकं सोपं असतं?

घरी आले तर लेक पडवीत पेट्यांवर नाव घालायला बसलेली. हातात ह्यांनी स्वतः कापलेला पत्र्याचा ठसा, त्यातला 'म' कलता. नीट कर म्हणून मी किती मागे लागायची. आता तोच 'म' बघत राहावासा वाटतो.

"आई, तुझ्या नावाचा नवा ठसा करून घेऊया काय?"

"एवढा हंगाम जाऊ दे," म्हटलं आणि तोच पेटीवर ठेवून काळा रंग फिरवला. ओल्या नावाला बोट लावलं की हे ओरडायचे. आज मी मुद्दाम लावलं, त्या कलत्या 'म'वर. लेकीने पाहिलं. तिने पुढची पेटी माझ्यासमोर सरकवली.