सरळ उभा बाण

आप्पा, तुम्ही मला फसवलंत. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर हे लिहितेय, कारण मला ते कळलंच या उन्हाळ्यात.

सोलापुरातल्या आपल्या त्या पत्र्याच्या कारखान्यात मागाचे लाकडी धोटे करून तुमचं पोट भरायचं, पण मन भरायचं ते धनुष्यांनी. नेमबाजीचं तुम्हाला कौतुक नव्हतं. बाण किती लांब जातो, एवढंच वेड. बाणाचा घाटसुद्धा तुम्ही धोट्यावरूनच उचललात, मधे जरा जाड आणि दोन्ही टोकांना निमुळता. पिसं इतकी बारीक कातरलेली की आई विचारायची, उंदरांनी कुरतडली का. मी शाळेतून येते, दप्तर टाकते आणि धामणीच्या लाकडाला काचेच्या तुकड्याने खरवडत बसते. धनुष्याच्या पाठीला हात लावायचा नाही, पोटाकडूनच, म्हणजे ताणताना आपल्याकडे येणाऱ्या बाजूनेच, उतरवायचं. मी घाई केली की तुम्ही हातातली काच काढून घेता. "लाकडाशी खोटं बोलू नगंस. आत्ता गप बसतंय, ताणलं की तोंडावर सांगतंय." हे तुम्ही म्हणायचात, आप्पा. तुम्ही!

मी केलेलं पहिलं धनुष्य घेऊन आपण उन्हाळ्यात आत्याच्या गावी गेलो होतो. उजनीचं पाणी मागे सरकलेलं, धरणाचं पोट नजर पोचेल तिथवर उघडं पडलेलं. मी बाण सोडला. तो उन्हात कुठे गेला मला दिसलंच नाही. "तू हितंच थांब, फुडं गाळ हाय," म्हणून तुम्ही एकटेच गेलात. बऱ्याच वेळाने लांबून हात हलवलात. मी पळत गेले तर बाण ओल्या मातीत ताठ उभा. इतक्या लांब! तुम्ही एक मोठा दगड लोटत आणून तिथे बसवलात आणि म्हणालात, "हा तुझा पल्ला." आत्याकडे तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, आणि मी लाजून आत स्वयंपाकघरात जाऊन बसले.

तो दगड पावसाळ्यात पाण्याखाली जायचा आणि उन्हाळ्यात पुन्हा वर यायचा. मी मोठी झाले, दंडात ताकद आली, हात बसला, पण बाण काही परत तिथे पोचला नाही. तुम्ही म्हणायचात, आज हवा दमट हाय, आज वाराच न्हाय. मी ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन, हलकं झालं की बाण लांब फेकेल म्हणून, धनुष्य आणखी खरवडायचे.

शेवटच्या आजारपणात तुम्ही माळ्यावरून धामणीचा एक दांडा काढायला लावलात. वर्षानुवर्षं सुकवलेला, कुणाला हात लावू न दिलेला. "ह्ये तुझं." त्याचं धनुष्य मी तुम्ही गेल्यावर केलं. फार सुंदर झालं होतं, आप्पा. पण बाण दगडाच्या अलीकडेच पडला. मग मी पोटाकडून अजून थोडं उतरवलं, मग अजून थोडं. काच काढून घ्यायला तुम्ही नव्हता. पुढच्या वेळी ताणलं आणि ते माझ्या हातातच मोडलं.

या उन्हाळ्यात धरणावर आत्याचे शेजारी भेटले, ते मासे धरायचे ना, तेच. आता पार थकलेत. मी दगडाकडे बघत उभी दिसले तसे हसायला लागले. "अजून त्येच्याच मागं हाईस व्हय? अगं, तुझा बाण लई अलीकडं पडला हुता. आप्पानं उपटला अन् फुडं न्हेऊन रोवला की. मी हुडीत बसून बघितलंय. पोरगी हिरमुसली तर परत धनुष्याला शिवायची न्हाय, असं म्हनला त्यो मला."

मला खोटं म्हणायलाही जागा नव्हती. लांबून येणारा बाण मातीत तिरका घुसतो, पिसं सोडणाऱ्याच्या बाजूला कललेली असतात. हे तुम्हीच शिकवलंत. आणि तो बाण मेखेसारखा सरळ उभा होता. मी तेव्हाच बघितलं होतं, पण तुम्ही रोवला असेल हे मनातही आलं नाही. तुमची माया कळते मला, पण माफ करवत नाही. खरा पल्ला सांगितला असतात तर मी तोही आनंदाने मिरवला असता. आणि तुमचं शेवटचं लाकूड आज माझ्या खुंटीवर असतं.

काल पुन्हा गेले. नवं धनुष्य नेलं होतं, लाकूड बस म्हणालं तिथे थांबून केलेलं. बाण दगडाच्या बराच अलीकडे पडला, पिसं माझ्याकडे कललेली. माझ्या हातचा, जिथे पडला तिथेच. इतका आनंद झाला की मी मागे वळून "आप्पा, बघा!" म्हणून ओरडले. मागे कुणीच नव्हतं.

हे पत्र कुठे पाठवणार? कपाटात तुमच्या काचेच्या तुकड्यांखाली ठेवतेय. एक सांगायचं राहिलं. काल तो दगड उलथून टाकायला मी पहार घेऊन गेले होते. ती तशीच परत आणली.