बांध ओलांडलेला वीरगळ

४ मार्च, सातारा
जीआयएसच्या नकाशावर वीरगळांचे दोन्ही थर, माझ्या जुन्या मोजणीचा आणि नव्या फेरमोजणीचा, एकावर एक लावले. आमच्या रानातला दगड माझ्या हाताखालच्या समीरच्या फेरमोजणीत बांधापलीकडे, शेजारच्या शंकरतात्यांच्या पडीक रानात. त्याच दगडाला टेकून मी लहानपणी भाकरी खाल्लीय, आणि हा मला जागा शिकवणार. गावी गेलाच नसेल. इथं बसून ठोकून दिलंय.
आप्पांचा फोन. "नकाशात आलं की सरकार तिथं खणू देत न्हाई म्हणत्यात. खरं का गं?" कामात होते. असेलही, म्हटलं.

६ मार्च
समीरला सगळ्यांदेखत झापलं. "मॅडम, दगड तिथंच होता. फोटो बघा ना." फोटो काय, कुणीही काढतं. सरांना सांगून त्याला या कामातून काढणार.

७ मार्च
फोटो पाहिले. माझ्या जुन्या फोटोत दगडामागे चिंच. त्याच्यात तात्यांच्या गोठ्याचा पत्रा. बुडाशी माती उकरलेली, आणि दगडावर कोरलेल्या, वीराने सोडवलेल्या गाईंपैकी एकीचं तोंड उडालंय. टवका ताजा.
म्हणजे समीर खरा. दगडच हललाय. तात्याच असणार. अशा दगडांना गिऱ्हाईक मिळतं म्हणे. गावी जायला हवं.

९ मार्च, गावी
वडूजहून रिक्षानं. आधी तात्यांकडे. "आमी कशाला आणू, पोरी? सकाळी बघतोय तर दगूड आमच्या रानात." बोलताना नजर आमच्या घराकडे. खोटं बोलतायत, वाटलं.
मग चिंचेखाली गेले. जुन्या जागी चुन्याचा गोल आखलेला. पाणाड्यानं आप्पांना तिथंच विहीर सांगितलीय, सोमवारी जेसीबी येतोय. हे आईकडून कळलं. आप्पा बोलले नव्हते.
आप्पा सोप्यात पालथे पडलेले. उभी हयात फौजेत गेली, खोटं बोललेलं मला आठवत नाही. "पाठीत लय चमक भरलीया. जरा मलम लाव." लावत होते. तोंड भिंतीकडे ठेवूनच म्हणाले, "आता तुज्या नकाशात आपलं रान न्हाई न्हवं?"
आता.
चोळत राहिले.

१० मार्च, सातारा
एसटीत डोकं दुखलं. समीरची माफी मागायची तर दगड कुणी हलवला ते सांगावं लागणार. त्या गाईचं तोंड डोळ्यांपुढून जात नाही. आप्पांची मलम चोळलेली पाठही.
संध्याकाळी समीरचा मेसेज: "मॅडम, नकाशात कुठला बिंदू धरायचा, जुना की नवा?"
वाचलाय. वाचल्याचं त्याला दिसलंही असेल.